बक्षीस अमेरिकेचं, समुद्र दुसऱ्यांचा

जाहिरातीच्या धंद्यातली माणसं एक किस्सा वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत आली आहेत. मार्च 2001. रशियाचं 'मीर' हे अंतराळस्थानक दक्षिण प्रशांत महासागरात पाडायचं ठरलं होतं. त्याच्या काही दिवस आधी 'टाको बेल' या अमेरिकी उपाहारगृहांच्या साखळीने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ एक तरंगतं लक्ष्य सोडल्याचं जाहीर केलं. 40 फूट लांब, 40 फूट रुंद, नेमबाजीच्या फळ्यावर असतात तशी वर्तुळं, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'फुकट टाको इथे'. मीरचा तुकडा या लक्ष्यावर पडला, तर अमेरिकेतल्या प्रत्येक माणसाला, म्हणजे साधारण 28 कोटी 10 लाख लोकांना, एकेक टाको फुकट. खरंच द्यायची वेळ आली तर, म्हणून कंपनीने विमाही उतरवला. 23 मार्चला मीर पडलं. लक्ष्याला काही लागलं नाही, टाको कुणाला मिळाला नाही, आणि कंपनीचं नाव मात्र जगभरच्या बातम्यांत आलं. एवढ्याशा खर्चात एवढी प्रसिद्धी, असं म्हणून किस्सा संपतो आणि ऐकणारे माना डोलावतात.

हा किस्सा आता आपल्याकडच्या हॉटेलवाल्यांपर्यंत पोचला आहे. डिसेंबरात मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्या रात्री शहराबाहेरच्या ढाब्यांवर आणि रिसॉर्टवर गर्दी होते, मग आपणही असंच काही का करू नये, असं मला एका परिचित हॉटेलचालकांनी विचारलं. 'आमच्या पाटीवर उल्का पडली तर अख्ख्या गावाला मिसळ फुकट.' त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. गिऱ्हाईक यावं, चार लोकांनी हसावं, एवढंच. पण ज्या उदाहरणावरून त्यांना हे सुचलं, ते उदाहरणच वाईट आहे. आभाळातून पडणाऱ्या वस्तूची सोडत काढणं हे मुळात चुकीचं आहे, कारण बक्षिसाची आशा एका ठिकाणच्या लोकांना दाखवली जाते आणि वस्तू पडण्याचा धोका दुसऱ्याच ठिकाणच्या लोकांच्या डोक्यावर असतो. 2001 साली नेमकं हेच झालं.

आधी त्या स्पर्धेचा हिशेब मांडू, कारण समर्थक म्हणतात, 'शक्यता कमी होती, पण होती ना?' मीर साधारण 130 टनांचं होतं. त्यातलं बरंचसं वातावरणात जळेल आणि सुमारे 1500 तुकडे समुद्रापर्यंत पोचतील, असा अंदाज होता. हे तुकडे ज्या पट्ट्यात विखुरणार होते, तो सुमारे 200 किलोमीटर रुंद आणि काही हजार किलोमीटर लांब. लांबी 5000 किलोमीटर धरली तर क्षेत्रफळ होतं दहा लाख चौरस किलोमीटर. लक्ष्य होतं जेमतेम दीडशे चौरस मीटरचं. एका तुकड्याने त्यावर नेमकं पडण्याची शक्यता सहासात अब्जांत एक. दीड हजार तुकडे धरले तरी 45 लाखांत एकाच्या आसपास. आणि हा हिशेब लक्ष्य त्या पट्ट्याच्या आत ठेवलं होतं असं मानून केलेला आहे. प्रत्यक्षात ते ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ होतं आणि मीर पाडायची जागा तिथून हजारो किलोमीटर पूर्वेला, न्यूझीलंडच्याही पलीकडे, भर समुद्रात होती. रशियाच्या नियंत्रण कक्षाने आपलं काम नीट केलं, तर लक्ष्यावर काहीही पडणार नव्हतं. ते काम बिघडलं आणि शंभर टनांचं धूड भलत्याच ठिकाणी उतरलं, तरच टाको मिळण्याची काही शक्यता होती.

यावर थोडं थांबायला हवं. बक्षीस मिळण्याची अट अपघात ही होती. स्थानक भरकटून वस्ती असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याकडे आलं, तर अमेरिकेतल्या माणसाने आनंदाने टाळ्या वाजवायच्या. कंपनीतल्या कुणी असा विचार मुद्दाम केला असेल असं मला वाटत नाही. पण स्पर्धेची रचनाच तशी होती, आणि रचनेबद्दल जबाबदारी घ्यावी लागते.

'विनोद होता तो, सगळ्यांना कळत होतं,' हा दुसरा बचाव. सगळे म्हणजे कोण? अमेरिकेत बसलेल्यांना कळत होतं, मान्य. त्या आठवड्यात इतरत्र काय चाललं होतं ते पाहा. स्थानकाच्या शेवटच्या फेऱ्यांचा मार्ग जपानवरून जात होता, म्हणून ओकिनावाच्या लोकांना त्या वेळात घरातच थांबण्याचा सल्ला दिला गेला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने जहाजांना आणि विमानांना इशारे दिले. ज्या पट्ट्यात तुकडे पडणार होते तिथे ट्यूना पकडणाऱ्या बोटी होत्या. मोसम होता, जाळी टाकलेली होती, आणि त्यांना सांगितलं जात होतं की बाजूला व्हा. रशियाने नुकसानभरपाईसाठी 20 कोटी डॉलरचा विमा उतरवला होता. म्हणजे एकाच घटनेवर दोन विमे होते. एक, कुणाचा जीव गेला किंवा घर पडलं तर त्याची भरपाई देण्यासाठी. दुसरा, टाको वाटावे लागले तर त्यांची भरपाई मिळण्यासाठी. हे दोन कागद शेजारी ठेवले की मला दुसऱ्याची लाज वाटते.

फिजी, टोंगा, कुक बेटं, सामोआ. या देशांच्या आजूबाजूचा समुद्र नकाशावर निळा आणि रिकामा दिसतो, म्हणून दुनियेचं भंगार तिथे टाकायची रीत पडली. अंतराळयानांचं दफनस्थान म्हणून दक्षिण प्रशांतातलाच एक भाग ओळखला जातो. शास्त्रीय कारणं खरी आहेत: वस्ती सर्वांत विरळ, जमीन सर्वांत दूर, जहाजांची ये-जा कमी. मोठी वस्तू पाडायचीच असेल तर तिथेच पाडणं शहाणपणाचं आहे, हे मीही मानतो. पण विरळ म्हणजे निर्मनुष्य नव्हे. त्या बेटांवरच्या माणसांना या स्पर्धेत कुठेच जागा नव्हती. त्यांच्या आभाळातून वस्तू जाणार आणि फुकटचा घास त्यांना नाही. 'प्रत्येक अमेरिकी माणसाला' असं म्हणताना त्यांची आठवणही कुणाला झाली नसावी.

23 तारखेला फिजीत संध्याकाळ होत होती. नाडी गावाजवळ किनाऱ्यावर थांबलेल्या लोकांनी पाहिलं: तेजस्वी गोळे, एकामागून एक, मागे धुराच्या लांब शेपट्या, आणि मग काही वेळाने पोटात गोळा आणणारा गडगडाट. ती दृश्यं कॅमेऱ्यांनी टिपली आणि जगाने पाहिली. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. पण ते सुदैव आणि रशियन तंत्रज्ञांचं कौशल्य होतं. टाकोच्या तराफ्याचं त्यात काही श्रेय नाही.

तिसरा मुद्दा जरा अधिक प्रामाणिक आहे आणि त्याला मी मान देतो. म्हणतात, 'निदान या निमित्ताने सामान्य माणसाचं लक्ष अंतराळाकडे गेलं.' गेलं का? काय कळलं त्याला मीरबद्दल? मीरचा पहिला भाग फेब्रुवारी 1986 मध्ये वर गेला आणि पंधरा वर्षं ते फिरत राहिलं. शंभराहून अधिक माणसं तिथे जाऊन आली. वालेरी पोल्याकोव हे डॉक्टर 1994 च्या जानेवारीपासून 1995 च्या मार्चपर्यंत, सलग 437 दिवस, तिथे राहिले. माणसाचं शरीर आणि मन मंगळापर्यंतचा प्रवास सोसेल का, हे स्वतःवर तपासून पाहण्यासाठी. सर्गेई क्रिकालेव मे 1991 मध्ये सोव्हिएत संघाचे नागरिक म्हणून वर गेले आणि पुढच्या मार्चमध्ये परतले तेव्हा तो देश उरलेला नव्हता. अमेरिकेच्याच शॅनन ल्युसिड 1996 मध्ये तिथे 188 दिवस राहिल्या. 1997 च्या फेब्रुवारीत आत आग लागली, जूनमध्ये मालवाहू यान येऊन धडकलं आणि एका भागातली हवा निघून जाऊ लागली, तेव्हा आतल्या माणसांनी जोडलेल्या केबल तोडून तो भाग बंद केला आणि स्थानक वाचवलं. आज आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक चालतं, त्यामागे मीरवर शिकलेले धडे आहेत. मीरच्या शेवटच्या दिवशी सांगण्यासारखं इतकं होतं. सांगितलं गेलं ते टाकोबद्दल. लक्ष वेधलं गेलं खरं, पण ते अंतराळापर्यंत पोचलंच नाही, तराफ्यावरच अडकलं.

आणि लक्ष वेधायचंच असेल तर आपल्या विदर्भात काय झालं ते आठवा. 2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत, पुढे मध्य प्रदेशात आणि गुजरातमध्येही, लोकांनी आभाळात पेटत्या रेघा सरकताना पाहिल्या. सणाचा दिवस, माणसं अंगणात आणि गच्चीवर. मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या आणि बहुतेकांनी एकमेकांना कळवलं ते हेच: उल्कावर्षाव होतोय. त्या रेघा उल्कांच्या नव्हत्या. चीनच्या 'लाँग मार्च 3बी' रॉकेटचा टप्पा वातावरणात शिरून तुटत होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक कडं येऊन पडलं. दोनतीन मीटर व्यासाचं, काळवंडलेलं, जळक्या कडांचं, बैलगाडीच्या चाकापेक्षा मोठं. पडलं ते मोकळ्या जागेत, पण घरांपासून फार लांब नव्हे. जवळच्याच पवनपार शिवारात धातूचा एक गोळा सापडला. पोलीस आले, वस्तू सिंदेवाहीच्या ठाण्यात नेल्या, पुढे इस्रोचे लोक येऊन पाहणी करून गेले.

ज्यांना अशी स्पर्धा गमतीची वाटते, त्यांनी त्या कड्याची छायाचित्रं पाहावीत. भोवती उभी असलेली माणसं पाहावीत. लाडबोरीतल्या कुणाला हे कडं येणार हे ठाऊक नव्हतं, कुणी इशारा दिला नव्हता, आणि ते नेमकं कुठे येईल हे पृथ्वीवर कुणालाच सांगता आलं नसतं. मीरला निदान शेवटपर्यंत चालवणारी माणसं होती. या टप्प्याला कुणीच चालवत नव्हतं. कक्षेत सोडून दिलेला, वर्षभर घसरत आलेला, आणि मग जिथे पडेल तिथे पडला. 40 फूट लांबीरुंदीचं लक्ष्य लाडबोरीच्या लोकांनी कुणाकडे मागितलं नव्हतं. त्यांचं गाव विनाकारण लक्ष्य झालं.

त्या रात्रीचा गैरसमज मात्र आपण दूर करायला हवा, कारण हॉटेलच्या स्पर्धेने तो आणखी पक्का होईल. उल्कावर्षावातली उल्का वाळूच्या किंवा फार तर खड्याच्या आकाराची असते. मिथुनेतले कण 'फेथॉन' या लघुग्रहाच्या मार्गावर पसरलेले आहेत. ते सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगाने येतात आणि जमिनीपासून 80-100 किलोमीटरवरच जळून जातात. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपतं. याउलट कक्षेतून पडणारं भंगार सेकंदाला साडेसातआठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवं येतं. म्हणून ते आभाळ ओलांडायला अर्धं मिनिट, कधी त्याहून जास्त घेतं, आणि त्याचे तुकडे वरातीसारखे एका ओळीत चालतात. एवढं ठाऊक असलेला माणूस पाडव्याच्या त्या संध्याकाळी म्हणाला असता, ही उल्का नाही, हे काहीतरी खाली येऊ शकतं, पोरांना आत घ्या. हे ज्ञान उपयोगाचं आहे. 'पाटीवर उल्का पडली तर मिसळ' ही पाटी नेमकं उलटं शिकवते. ती सांगते की उल्कावर्षाव म्हणजे आभाळातून दगड पडणं. शाळकरी मुलांना घेऊन माळरानावर रात्र काढणाऱ्या कुणालाही विचारा. पहिला प्रश्न हाच येतो, 'सर, डोक्यात पडणार नाही ना?' ती भीती घालवायला आमचा पहिला तास जातो.

आणि मिथुनेतला कण जमिनीवर पोचतच नसेल, तर ती मिसळ देण्याची वेळ कधीच येणार नाही. टाकोची शक्यता 45 लाखांत एक तरी मांडता आली, मिसळीची शून्य आहे. जे द्यायचं नाही ते देऊ म्हणणं याला आपल्याकडे फसवणूक म्हणतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा, सोडती आणि नशिबाचे खेळ अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत घातले आहेत. माझ्या परिचितांनी वकिलाला विचारावं. पण कायदा नसता तरीही मी नको म्हणालो असतो.

मी बक्षिसांच्या विरोधात नाही. त्याच टाको बेलने 2007 पासून बेसबॉलच्या जागतिक मालिकेत दुसरी योजना चालवली: मालिकेत कुठल्याही खेळाडूने एक तळ चोरून गाठला, तर अमेरिकेत सगळ्यांना एक टाको फुकट. त्या वर्षी बॉस्टनच्या जेकबी एल्सबरीने दुसऱ्या सामन्यात असा तळ चोरला आणि कंपनीने महिनाअखेरीस टाको दिले. या योजनेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. खेळाडू स्वतःहून मैदानात उतरलेला, घटना घडण्यासारखी, धोका कुणाच्या छपराला नाही, आणि दिलेला शब्द पाळला गेला.

आभाळातून पडणाऱ्या वस्तूवरचं बक्षीससुद्धा कधीकाळी दिलं गेलं आहे. जुलै 1979 मध्ये अमेरिकेचं 'स्कायलॅब' पडायच्या बेतात होतं. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना तो धसका अजून आठवतो. खेडोपाडी लोक आभाळाकडे पाहत दिवस काढत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्झॅमिनर' या वर्तमानपत्राने पहिला तुकडा 72 तासांत कचेरीत आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले. स्कायलॅब पश्चिम ऑस्ट्रेलियात पडलं. एस्परन्स गावच्या स्टॅन थॉर्नटन या सतरा वर्षांच्या मुलाला घराच्या आवारात जळके तुकडे सापडले, तो ते घेऊन विमानाने गेला आणि पैसे त्याला मिळाले. त्या योजनेतही थिल्लरपणा होताच, मला ती आदर्श वाटत नाही. पण फरक पाहा. ज्याच्या अंगणात वस्तू पडली, त्यालाच बक्षीस मिळालं. पुढे एस्परन्सच्या स्थानिक मंडळाने नासाला कचरा टाकल्याबद्दल 400 डॉलरचा दंड ठोठावला. मला त्या गावाचा आदर वाटतो. छपरावर पडलेल्या गोष्टीचा जाब विचारायचा असतो, हे त्यांनी जगाला दाखवलं. 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला 'कॉसमॉस 954' उपग्रह कॅनडाच्या उत्तरेत कोसळला, तेव्हा कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले आणि तीस लाख मिळवले. 1972 चा आंतरराष्ट्रीय करार त्यासाठीच आहे: ज्याने वर सोडलं, त्याने खाली झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची. अंतराळस्थानकातून टाकलेल्या बॅटरीच्या सांगाड्याचा एक तुकडा, वजन जेमतेम पाऊण किलो, 2024 च्या मार्चमध्ये फ्लोरिडातल्या नेपल्स गावात एका घराचं छप्पर आणि मजले फोडून गेला. घरात तेव्हा मुलगा होता. त्या कुटुंबाने नासाकडे भरपाई मागितली. तो तुकडा पडला अमेरिकेत, आणि त्यावर कुणी टाको लावल्याचं ऐकिवात नाही.

हा सगळा वाद जुन्या किस्स्यापुरता असता तर मी लिहिलं नसतं. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक, सुमारे 420 टनांचं, मीरच्या तिपटीहून मोठं, 2030 नंतर असंच पाडायचं आहे. ते खाली आणणारं यान बनवण्याचं कंत्राट नासाने जून 2024 मध्ये स्पेसएक्सला दिलं. जागा ठरवताना नजर पुन्हा दक्षिण प्रशांतावरच आहे. तेव्हा कुठल्यातरी मोठ्या उपाहारगृहाच्या बैठकीत हा 2001 चा किस्सा नक्की निघेल, आणि या वेळी तराफ्यावर कॅमेरेही असतील. त्या बैठकीत बसणाऱ्या लोकांना माझं सांगणं आहे की लक्ष्य समुद्रात सोडण्याआधी फिजी, टोंगा आणि कुक बेटांच्या सरकारांना पत्र लिहा, त्यांच्या मच्छीमार संघटनांना विचारा, आणि ते हो म्हणाले तरच पुढे जा. जे बक्षीस लावाल ते त्यांच्या लोकांसाठी लावा, आणि लक्ष्याला काही लागलं नाही तरी द्या.

माझ्या परिचितांना मी वेगळं सुचवलं आहे. 13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री हॉटेलची रोषणाईची पाटी आणि आवारातले दिवे मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत बंद ठेवा, गच्चीवर सतरंज्या टाका, पिठलं-भाकरी आणि चहा ठेवा, पैसे नेहमीचे घ्या. जवळच्या खगोल मंडळातल्या कुणाला तरी बोलवा. परिचितांनी अजून उत्तर दिलेलं नाही. पाटी बंद ठेवायला मालक तयार होत नाहीत, हा माझा अनुभव आहे.